शंभर टक्के कशाचे?

घराच्या कागदांचा विषय निघाला की दोन सूर लागतात. एक म्हणतो, "आता सगळं ऑनलाइन आहे, चिंता कसली?" दुसरा म्हणतो, "ऑनलाइन काय आणि ऑफलाइन काय, सगळा सावळा गोंधळ." पहिल्याच्या हातात आकडा असतो, बहुधा शंभर टक्के किंवा त्याच्या अगदी जवळचा. दुसऱ्याच्या हातात किस्सा असतो, आणि तो बहुधा खरा असतो. मग आकडा विरुद्ध किस्सा अशी कुस्ती लागते. तीत कोणी चीत होत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या आखाड्यांत उभे असतात. संगणकात किती कागद चढले हे एक सांगतो, आपल्याच कागदावर काय चुकलं हे दुसरा सांगतो. जो प्रश्न विचारायला हवा, तो दोघांच्या मध्ये तसाच पडून राहतो: एखाद्या वस्तीतली शंभर घरं घेतली, तर त्यांतल्या किती घरांची नोंद मुळात आहे, आणि ज्यांची आहे त्यांतली किती विसंबण्याजोगी आहे?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची मोजदाद वेगवेगळी करावी लागते, आणि नोंदवहीपाशी बसून दोहोंपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. त्यासाठी घराच्या दाराशी जावं लागतं. महाराष्ट्रात आपण जमीन मोजतो. साखळीने मोजली, फळ्याने मोजली, आता ड्रोनने मोजतो. नोंद मात्र आपण कधी मोजत नाही, आणि ती मोजल्याशिवाय तिच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे.

आधी त्या शंभर टक्क्यांचं बघू. टक्केवारीत वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, छेदाकडे कोणी बघत नाही. मिळकत पत्रिका म्हणजे घराच्या जागेचा सरकारी उतारा, प्रॉपर्टी कार्ड. "शंभर टक्के मिळकत पत्रिका ऑनलाइन" याचा अर्थ इतकाच की कार्यालयात ज्या पत्रिका होत्या त्या सगळ्या पडद्यावर आल्या. छेद आहे पत्रिकांचा, घरांचा नव्हे. पटावरची सगळी मुलं हजर आहेत म्हणून गावातलं प्रत्येक मूल शाळेत जातं असं कोणी म्हणत नाही. ज्याचं नाव पटावरच चढलं नाही ते गैरहजरही लागत नाही. घराचंही तसंच.

आता किस्सेवाल्यांच्या बाजूने माझाही एक. आमचं गावठाणातलं जुनं घर. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून आजोबांचं नाव, घरपट्टीच्या उताऱ्यावर काकांचं, वीजबिलावर वडिलांचं. तिन्ही कागद एकाच छपराचे. नावांचं सोडा, घरोघरी तीच रड आहे. मला गंमत वाटली ती क्षेत्राची. पत्रिका म्हणते ८४.३ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९०७ चौरस फूट. कर आकारणीत मात्र जागा १,०८९ चौरस फूट. हा आकडा इतका नेमका कुठून आला? ३३ गुणिले ३३ केलं की उलगडतं. तो एक गुंठा आहे. "गुंठाभर जागा आहे आमची," असं कोणीतरी कधीतरी ओट्यावर बसून सांगितलं आणि लिहिणाऱ्याने त्याचे चौरस फूट करून रकाना भरला. शेवटच्या नऊपर्यंत नेमका दिसणारा आकडा निव्वळ तोंडी अंदाजाचा निघाला. मग मी स्वतः टेप धरला, तर उत्तर दोन्हींशी जुळेना. शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत अख्खी धरायची की निम्मी, यावर उत्तर बदलत होतं.

किस्सा मजेशीर असला तरी त्याने सिद्ध काय होतं? एका घराची नोंद विस्कटलेली आहे, एवढंच. आमच्या गल्लीत अशी तीन घरं आहेत की तीस, हे मला ठाऊक नाही, आणि ज्या कार्यालयाने ती पत्रिका दिली त्यालाही ठाऊक नाही. माझा आक्षेप आहे तो या न ठाऊक असण्याला.

आधी पूर्णतेकडे वळू. इंग्लंडात पहिल्या विल्यमने १०८६ साली सगळ्या राज्यातल्या जमिनी-मालमत्तांची जी यादी करवून घेतली, ती डूम्सडे बुक या नावाने प्रसिद्ध आहे. एकही बैल, एकही डुक्कर सुटलं नाही, असं त्या वेळच्या इतिवृत्तकाराने तिच्याबद्दल लिहून ठेवलं. त्याच बुकात लंडन नाही. विंचेस्टरही नाही. डुकरं मोजली गेली, राजधानी राहिली. नुसतं बुक चाळत बसलात तर ही उणीव कळणार नाही. लंडन नावाचं शहर आहे हे बाहेरून माहीत असेल तरच कळेल. कुठलीही नोंदवही आपल्यात काय नाही ते स्वतः सांगू शकत नाही.

आपल्याकडचं लंडन कुठे आहे? बरीच वर्षं ते गावठाणात होतं. शेताला सातबारा होता, शहरातल्या घराला सिटी सर्व्हेची पत्रिका होती, पण असंख्य गावांतल्या राहत्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठपलीकडे कागद नव्हता, आणि नमुना आठ ही कराची नोंदवही आहे, मालकीची नव्हे. गावठाणातली घरं ड्रोनने मोजून त्यांना पत्रिका देण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने नेमक्या याच जागी हात घातला, त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण ती योजना गावठाणापुरती आहे. गाव काही गावठाणात थांबलेलं नाही. रस्त्याकडेला, गावठाणाच्या हद्दीबाहेर, शेतजमिनीच्या तुकड्यांवर जी घरं उभी राहिली, त्यांच्या दृष्टीने सातबारा अजून पीकच दाखवतो. तिथे राहणाऱ्या कुटुंबाला नमुना आठ आहे, नळ आहे, मीटर आहे, मतदार यादीत नाव आहे. घर म्हणून जमिनीच्या नोंदीत मात्र ते नाही.

शहरातलं लंडन वेगळ्या तऱ्हेचं आहे. तिथे पत्रिका असते, पण राहणारी माणसं तिच्यात नसतात. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याखालच्या नियमांनुसार, दुसरी मुदत ठरली नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण, आपल्या भाषेत कन्व्हेयन्स, करून द्यायचं असतं. ते इतक्या ठिकाणी झालं नाही की २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी ते झालं असं मानण्याची, वाट काढावी लागली. अशा इमारतीत चाळीस कुटुंबं राहतात, चाळिसांकडे नोंदणीकृत करारनामे आहेत, आणि जमिनीच्या पत्रिकेवर एकच नाव आहे, बिल्डरचं किंवा त्याच्याही आधीच्या जमीनमालकाचं. पुनर्विकासाची बैठक भरते तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी पत्रिका उघडून बघतं. गणतीत हा भूखंड "पूर्ण" धरला जातो, कारण त्याची पत्रिका आहे आणि ती ऑनलाइनही आहे. म्हणून पूर्णता दोन पायऱ्यांवर तपासावी लागते. जागा नोंदीत आहे का, ही पहिली; त्या जागेवर हक्क असलेली सगळी माणसं नोंदीत आहेत का, ही दुसरी. दुसऱ्या पायरीवर सगळ्यात जास्त कोण गळतं हे सांगायला सर्वेक्षण नको, कुठल्याही घरातल्या बहिणींना विचारा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने हक्क दिला. वारस नोंदीच्या अर्जात तिचं नाव येतं की नाही, आणि आलं तर हक्कसोडपत्राच्या वाटेने किती दिवसांत निघून जातं, हे कोणी मोजतं का?

मोजायचं कसं, यासाठी नवा शोध लावायला नको. १९४९ साली चंद्रशेखरन आणि डेमिंग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नेमका असाच प्रश्न सोडवला होता. बंगालमधल्या सिंगूर भागात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद किती अपुरी आहे हे त्यांना काढायचं होतं. त्यांनी दोन स्वतंत्र याद्या घेतल्या, एक निबंधकाची आणि एक घरोघरी फिरून केलेली, आणि दोन्हींत सामाईक नावं किती ते पाहिलं. घरांना हीच रीत लावता येते. समजा एका प्रभागाच्या नोंदवहीत ८०० घरं आहेत. नोंदवही कपाटात ठेवून दोन माणसं गल्लोगल्ली फिरली आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गल्ल्यांतली २०० घरं टिपली. कार्यालयात येऊन जुळवलं तर २०० पैकी १६० नोंदवहीत सापडली. म्हणजे नोंदवहीच्या जाळ्यात पाचांतली चार घरं येतात, आणि प्रभागात घरं ८०० नसून हजाराच्या घरात असावीत. दोन दिवसांचं काम आहे. यात एक खोच आहे, ती लपवू नये: मागच्या बोळातली जी खोली नोंदवहीला दिसली नाही, ती फिरणाऱ्यांच्याही नजरेतून सुटण्याचा संभव जास्त. म्हणून खरी गळती या हिशोबापेक्षा थोडी जास्तच असते. मिळालेला आकडा "निदान इतकी तरी" असा वाचायचा. तो पुरेसा आहे. फिरण्याची दिशा तेवढी पाळायची, घराकडून नोंदीकडे. नोंदीतला क्रमांक घेऊन घर शोधत निघालात तर नोंद नसलेलं घर जन्मात भेटणार नाही.

विश्वासार्हतेचं गणित याहून अवघड आहे, कारण मिळकत पत्रिका म्हणजे एकच विधान नसतं. ती विधानांची जुडी असते: हा क्रमांक, इतकं क्षेत्र, हा धारणाधिकार (जागा कुठल्या हक्काने धरली आहे), हा धारक, हा बोजा (जागेवरचं कर्ज वगैरे), हे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी). यातला एखादा रकाना लख्ख खरा आणि शेजारचा पार शिळा असू शकतो. "आमच्या नोंदी पंच्याण्णव टक्के अचूक" असं कोणी म्हणालं तर विचारावं, कुठला रकाना? क्रमांक बहुतेक ठिकाणी बरोबरच असतो. त्याला बरोबर धरून सरासरी वर नेता येते. घर घेणाऱ्याला मात्र क्रमांकाने फसवलं जात नाही, त्याला फसवतं ते नाव आणि बोजा.

शिवाय चुका पावसासारख्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताची खबर आता संगणकातून पुढे जाते आणि फेरफाराला चालना मिळते. जो विकला जातो त्या फ्लॅटची किंवा भूखंडाची नोंद त्यामुळे बऱ्यापैकी ताजी राहते. जे घर तीन पिढ्या विकलंच गेलं नाही, तोंडी वाटणीवर चाललं, त्याची नोंद तिथेच गोठते. कायद्याने वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, देतं कोण? यातून एक स्वस्तातली चाचणी सुचते. मृत्यूची नोंद आपल्याकडे १९६९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर पत्रिका काढा आणि विचारा, धारक हयात आहेत का? मयत धारकांचं प्रमाण हा एकच आकडा प्रत्येक नगर भूमापन कार्यालयाच्या दारावर लागला, तर "अद्ययावत" या शब्दाचा अर्थ काय होतो ते एका दिवसात कळेल.

या दिशेने काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २०२० मध्ये भूमी अभिलेखांचा जो राज्यवार निर्देशांक काढला, त्यात नुसतं संगणकीकरण न बघता मालकी अद्ययावत आहे का, क्षेत्र आणि नकाशा जुळतो का, बोजा दिसतो का, हेही तपासलं होतं. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा ताडून पाहण्याची एडिट, री-एडिटची मोठी मोहीम झाली. तिच्यात तलाठ्यांच्या रात्री गेल्या, त्यांची चेष्टा मी करणार नाही. पण ताळा कशाचा झाला? नकलेचा मुळाशी. मूळच शिळं असेल तर नक्कल तितक्याच निष्ठेने शिळी येते. त्या मोहिमेत मला खरा मोलाचा वाटतो तो भाग सगळ्यात जुन्या वळणाचा होता: चावडी वाचन. गावापुढे उतारे मोठ्याने वाचायचे आणि कोणी हरकत घेतं का बघायचं. तिथे नोंद कपाटाबाहेर येऊन माणसांपुढे उभी राहिली. दुर्दैवाने किती उताऱ्यांवर किती हरकती आल्या, हा चुकीचं प्रमाण सांगणारा आकडा त्यातून सहज निघाला असता, पण तो गावोगाव दारावर लावावा असं काही ठरलं नाही.

आता विरुद्ध बाजू. ती कच्ची नाही, आणि तिचे दोन-तीन मुद्दे असे आहेत की त्यांना उत्तर देताना घाम फुटतो.

पहिला मुद्दा तात्त्विक. नोंद खरी की खोटी हे तुम्ही कशाशी ताडून ठरवणार? मालकी कोणाची हे शेवटी दिवाणी न्यायालय ठरवतं. फेरफाराने हक्क निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याखालीही दस्त नोंदला जातो, हक्काची हमी मिळत नाही. मग खऱ्याचा माप-दगडच नसेल तर चूक कशी मोजणार? मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात सत्य आणि मेळ यांची गल्लत आहे. मला प्रत्येक घराचा खरा मालक शोधायचाच नाही. पत्रिकेवरचं नाव, शेवटच्या नोंदणीकृत दस्तातलं नाव, घरपट्टीवरचं नाव आणि दार उघडणाऱ्या माणसाने सांगितलेलं नाव या चौघांचा मेळ किती घरांत बसतो, एवढं मला हवं आहे. मेळ बसला म्हणून नोंद खरीच असं नाही. मेळ बसला नाही तर मात्र कुठेतरी पाणी मुरतं आहे हे नक्की. डॉक्टर ताप मोजतो तेव्हा रोग सिद्ध होत नाही. म्हणून थर्मामीटर कोणी फेकून देत नाही.

याला जोडूनच कायद्याचं एक उत्तर येतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. मग उगाच कशाला खणायचं? पण गृहीत धरणं ही वादात सिद्ध करण्याचं ओझं कोणी वाहायचं याची सोय आहे. त्या ओझ्याचं वजन कोणी तोललेलं नाही. नोंदी शंभरात दोन चुकत असतील तर ही सोय शहाणपणाची आहे. शंभरात तीस चुकत असतील तर तीच सोय तीस घरांच्या मानेवर बसते: ज्याचं नाव चुकून राहिलं, त्यालाच वकील लावून सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरा मुद्दा जास्त मनाला लागणारा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोंदी इतक्या टक्के चुकीच्या आहेत असं एकदा जाहीर झालं की बँका कर्जाला हात आखडता घेतील, निजलेली भांडणं उठतील, भावाभावांत कोर्ट लागेल. भांडणं उठतात हे खरं आहे. मोजणीचा खुंटी-दगड अंगणात आला की वीस वर्षं बोलत नसलेले शेजारी एकदम बोलायला लागतात, आणि जे बोलतात ते छापण्याजोगं नसतं. पण मी म्हणतो ती नमुना तपासणी कोणाच्या नोंदीत काडीचाही बदल करत नाही. तिच्यातून घराचा क्रमांक बाहेर पडत नाही, प्रभागाचा आकडा पडतो. आणि मूठ उघडली की किंमत जातेच, असं आहे का? जनगणनेचं उदाहरण घ्या. प्रत्येक जनगणनेनंतर नमुन्यादाखल पुन्हा मोजणी करून किती माणसं सुटली याचा अंदाज काढला जातो. २०११ च्या जनगणनेत निव्वळ गळती दर हजारी २३ होती, आणि तो आकडा जनगणना कार्यालयाने स्वतः प्रसिद्ध केला. त्यामुळे जनगणना कोणी रद्दीत घातली? उलट आपण चुकतो आणि किती चुकतो हे सांगणाऱ्या आकड्यावर माणूस जास्त विसंबतो. बँकांचं म्हणाल तर त्यांनी आपला अविश्वास कधीच किमतीत धरला आहे. वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल कशासाठी मागतात? एकाच घरावर दोन-दोन ठिकाणी कर्ज काढल्याचे प्रकार रोखायला २०११ मध्ये गहाणांची वेगळी केंद्रीय नोंदवही, सरसाई, कशासाठी उभी राहिली? मूठ झाकलेली आहे ती फक्त सामान्य घेणाऱ्यापासून.

तिसरा मुद्दा गरिबाच्या बाजूने येतो, आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. नोंदीचा ढिलेपणा हा पुष्कळांचा आसरा असतो. कागद नेमके झाले की ज्याच्याकडे कागद नाही तो उघडा पडतो. या भीतीला आपल्या इतिहासाचा आधार आहे. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांच्या इनाम कमिशनला दात मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेल्या इनामांच्या सनदा दाखवा म्हणून मुंबई इलाख्यात फर्मानं सुटली. वाळवीने खाल्लेली, आगीत गेलेली, मुळात कधी न लिहिलेली सनद कुठून दाखवणार? कागद नाही म्हणून हक्क नाही, असा उफराटा न्याय झाला. तपासणीचं शस्त्र होतं ते असं. म्हणून मी एक अट घालीन: नमुना तपासणीत जे दिसेल ते त्या घरातल्या माणसाविरुद्ध कुठेही वापरता येणार नाही, हे आधी लिहून द्या. जनगणनेत जसं व्यक्तीच्या माहितीला कायद्याचं कवच असतं, तसं. पण ही अट मान्य झाली की मुद्दा उलटतो. इनाम कमिशनने उणीव माणसाची ठरवली. मोजणी नीट केली तर उणीव नोंदवहीची ठरते. अमुक वस्तीतली चाळीस टक्के घरं नोंदीत नाहीत हे सिद्ध झालं, तर तिथला प्रत्येक जण अतिक्रमणवाला, असं सरसकट म्हणणं निदान अवघड तरी होईल.

आणि हो, ड्रोन. नव्या यंत्राने जुना प्रश्न मिटेल, हा चौथा सूर हल्ली जोरात आहे. ड्रोनच्या छायाचित्राची बारीकी थक्क करणारी आहे, वादच नाही. पण उड्डाणाआधी गावात हद्दींवर चुन्याच्या रेघा मारतात. ड्रोनला दिसते ती रेघ, आणि रेघ मारतो माणूस. पत्र्याची कड दिसते, तिच्याखालची भिंत दिसत नाही. पागोळी कोणाच्या जागेत पडते हा जो गावठाणातला सनातन तंटा, तो वरून पाहिल्यावर छपरांच्या दोन कडा एकमेकींवर चढलेल्या दिसतात, एवढाच उरतो. बारकावा आणि खरेपणा यांची अशी गफलत आपल्या मातीत पूर्वी एकदा चांगलीच महाग पडली आहे. १८२०-३० च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या हुशार, पुस्तकी अधिकाऱ्याने शेतजमिनीची पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, असा अर्थशास्त्राला धरून बांधलेला आराखडा. तक्ते इतके तपशीलवार की बघत राहावं. पण शेतात जाऊन मोजणाऱ्यांच्या कामात चुका आणि लाचलुचपत भरलेली होती. तक्त्यांनी ती लपवली, उघडी पाडली नाही. इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून निघाले. गोल्डस्मिड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जाऊन ते पाहिलं, आणि १८३६ मध्ये विंगेट या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या जोडीने तिथूनच नव्या पाहणीला सुरुवात झाली. नव्या पद्धतीत एक गोष्ट वेगळी होती: हाताखालच्यांनी केलेली मोजणी वरच्याने स्वतः शेतात जाऊन काही ठिकाणी पुन्हा करून बघायची. आपल्या सर्व्हे नंबरांची घडी ज्या पाहणीने बसली, तिच्या मुळाशी हा संशय होता. वारसा सांगताना आपण साखळी आणि नकाशे सांगतो, संशय मात्र विसरतो.

हक्काची हमी सरकारने द्यावी, ही मागणी आता पुन्हा होते आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने १८५८ मध्ये ती व्यवस्था आणली. नोंदीत नाव तो मालक, आणि नोंद चुकली तर भरपाई. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींसाठी हक्क प्रमाणित करण्याचा कायदा केला. कल्पना म्हणून मला ती पसंत आहे. पण भरपाईचा निधी किती ठेवणार? मृत्युदर माहीत नसताना आयुर्विम्याचा हप्ता कोणी ठरवेल का? नोंदीतल्या चुकांचं प्रमाण कोणाला ठाऊक नाही, आणि हमी मात्र सगळ्यांना हवी आहे. १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे नोंद सक्तीची झाली, तीही खरेदी-विक्रीसारखे व्यवहार होतील तशी. त्यामुळे आजही थोडी जमीन नोंदीबाहेर आहे आणि ते नोंदणी कार्यालय तसं उघड सांगतं. नकाशावरची हद्द ही सर्वसाधारण हद्द आहे, इंचाइंचाची नव्हे, हेही तिथे कायद्यातच लिहिलं आहे. आपल्या कुठल्या उताऱ्यावर "यातलं क्षेत्र इतक्या फरकापर्यंत विसंबण्याजोगं" अशी ओळ असते?

राहिला प्रश्न कोणी मोजायचं. ज्याने नोंदवही लिहिली त्याने नक्कीच नव्हे. डूम्सडेच्या वेळी पहिल्या पथकामागून दुसरं पथक पाठवलं, आणि तेही ज्यांना त्या मुलखात कोणी ओळखत नव्हतं अशा माणसांचं, असं हेरफर्डच्या रॉबर्ट बिशपने नोंदवून ठेवलं आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालच्या पीक पाहणीत एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या धाडून दोघींच्या उत्तरांतला फरकच चुकीचं माप म्हणून वापरला. आपल्याला तेवढाही डामडौल नको. दुसऱ्या जिल्ह्यातले दोन भूकरमापक, स्थानिक महाविद्यालयातले चार विद्यार्थी, चिठ्ठ्यांनी निवडलेली पन्नास दारं आणि प्रत्येक दारावर पाच प्रश्न. दर दोन वर्षांनी, प्रत्येक तालुक्यात. उत्तर रकान्यागणिक जाहीर करायचं.

आमच्या घराची वारस नोंद करायला आम्ही अर्ज दिला. रीतीप्रमाणे हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या. हितसंबंधितांत पहिलं नाव पत्रिकेवरच्या धारकाचं, म्हणजे आजोबांचं. आपल्याच वारसांबद्दल काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, असं त्यांना कळवण्यात आलं होतं. लिफाफा आमच्या पोस्टमनच्या हातात पडला. त्याने तो ओट्यावर ठेवून खिशातलं निळं बॉलपेन काढलं, पाठीमागे "मालक मयत, परत" असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. ते पाकीट जिथून निघालं तिथे परत गेलं आणि फाइलला लागलं. पुढच्या तारखेला मी गेलो तेव्हा टेबलावर फाइल उघडीच होती, शेरा वरच दिसत होता. शेजारच्या पडद्यावर पत्रिका होती. धारक: आजोबा.